पाठवणीची उपासना

एसटीतून आधी मी उतरले, मागून ट्रंक घेऊन हे. बोरखेड्याच्या थांब्यावर लिंबाखाली आमची सगळी मंडळी उभी होती. झेंडूचे हार, संडेस्कूलच्या मुलांच्या हातात कागदी पताका, बाजूला पेटी, ढोलकी, झांजा. पण वाजवत कुणीच नव्हतं. ढोलकीवाल्यानं तळहात ढोलकीवर नुसते टेकवून ठेवले होते. तो एकदा आमच्याकडे बघायचा, एकदा माझ्या सासऱ्यांकडे.

त्याचा तरी काय दोष? अडीच वर्षांपूर्वी याच थांब्यावरून आम्ही सातपुड्यात निघालो तेव्हा तिघं होतो. आता दोघंच उतरलो. तार आधीच पोचली होती, सगळ्या गावाला माहीत होतं. पण माणसं लेकरू पुरून घरी येतात तेव्हा त्यांना हार घालायचे असतात का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

माझे सासरे पुढं आले. मी त्यांना मामा म्हणायची. सत्यवान बोर्डे गुरुजी; मिशनच्या शाळेत अर्धा तालुका त्यांच्या हाताखाली शिकून गेलेला, आणि मंडळीचा कारभार बघणारे सगळ्यात जुने डीकन. पांढरं धोतर, काळा कोट, हातात काठी. त्यांनी ह्यांच्या गळ्यात हार घातला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागं वळून म्हणाले,

"वाजवा."

कुणी हललं नाही.

"रडण्यासारखं काय झालंय? आपलं लेकरू हरलेलं नाही. प्रभूच्या रानात पडलेलं पहिलं बी आहे ते. वाजवा म्हणतो ना!"

मग ढोलकी वाजली. भजन म्हणत आम्हाला वाजतगाजत मिशनच्या देवळापर्यंत नेलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली रस्त्याकडे बघून चालत होते, पुढचा पाय कुठं ठेवायचा ते ठरवून ठेवल्यासारखे.

सासूबाई मिरवणुकीत नव्हत्या. त्या घरी ओट्यावर बसून होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले तशी त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"माझं बाळ कुठं ठिवलंस गं?"

"मोहाच्या झाडाखाली, आत्याबाई."

"सावली हाय ना तिथं?"

"आहे."

त्या उठून आत गेल्या आणि त्यांनी चुलीवर पाणी ठेवलं. त्या दिवसापासून आम्ही परत जायच्या दिवसापर्यंत, म्हणजे ज्या दिवशी आम्ही जाणार होतो त्या दिवसापर्यंत, त्यांनी माझ्यापाशी रिबूचं नाव काढलं नाही.

रिबू म्हणजे रिबका. आमची मुलगी. चार वर्षांची होऊन तिला थोडेच दिवस झाले होते.

मी नर्सिंग शिकलेली, हे डी.एड. झालेले. लग्नानंतर दोघांनी मिळूनच अर्ज केला होता, आणि मिशनच्या संस्थेनं आम्हाला धडगावच्याही पलीकडे, नर्मदेच्या अंगाला उमरापाणी नावाच्या पाड्यावर पाठवलं. तिथं ह्यांची शाळा आणि माझा दवाखाना, दोन्ही एकाच कुडाच्या घरात. मधे एक साडी बांधलेली. रिबू आमच्याआधी तिथली भाषा शिकली. तिथल्या पावरा आदिवासी बायांच्या कडेवर बसून ती दिवसभर पाड्यात हिंडायची आणि संध्याकाळी मला शब्द शिकवायची.

भादव्यात ताप आला. पाड्यात घरोघरी आला, मला आला, तिलाही आला. मला उठवत नव्हतं. गोळ्या संपल्या होत्या आणि रिबू आचके देऊ लागली. ह्यांनी तिला घोंगडीत गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि डोंगर चढून धडगावच्या वाटेला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले तेव्हाही ती खांद्यावरच होती. त्या वाटेवर काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही.

एवढं झाल्यावर संस्थेनंच आम्हाला सुटी देऊन घरी पाठवलं. थोडे महिने राहा, मन शांत करा, मग या, असा निरोप होता. घरी आल्यावर मामांनी आणि देवळातल्या पाळकसाहेबांनी मिळून ठरवून टाकलं, की माघात एका रविवारी आम्हाला पुन्हा पाठवायचं. पाठवणीची उपासना करायची, आजूबाजूच्या गावांतल्या मंडळ्या बोलवायच्या, मागून सगळ्यांना प्रीतिभोजन.

दिवस जाऊ लागले. हे दिवसभर कामात असायचे. देवळाची कौलं फेरून झाली, कुंपण झालं, विहिरीचा रहाट झाला. कुणी साधं दार वाजतंय म्हणालं की हे पटाशी घेऊन निघाले. रविवारी मात्र मामा त्यांना आसपासच्या गावांत घेऊन जायचे. कधी मीही असायची. हे उभं राहून शाळेबद्दल सांगायचे, तिथल्या होळीबद्दल सांगायचे, पावरा लोक किती मायाळू आहेत ते सांगायचे आणि खाली बसायचे. मग मामा उठायचे.

पहिल्यांदा ऐकलं ते वडाळ्याच्या देवळात. मामा सांगत होते आणि बाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

"...आणि बापाच्या खांद्यावर ते चिमणं लेकरू काय म्हणालं? 'पप्पा, तुम्ही रडू नका. मी येशूकडे चालले. आजोबांना सांगा, मी घाबरले नाही.'"

पाठीमागून बाकडं सरकल्याचा आवाज आला. हे उठून बाहेर गेले होते.

परत येताना बैलगाडीत मी मामांना विचारलं, "मामा, रिबू असं म्हणाली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मामा बैलांच्या शिंगांकडे बघत होते.

"म्हणाली नसेल कशावरून?" ते म्हणाले. "मी शिकवलेलं लेकरू होतं ते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गाडीमागून चालत येत होते. गाडीत जागा होती, तरी चालत होते.

मामांचा मला राग आला असं कुणाला वाटेल. आलाही. पण रिबू दीड वर्षाची होईतोवर मामांच्याच पाठीवर वाढली होती. शाळेतून आले की कोट न काढता ते जमिनीवर बसायचे आणि ती त्यांच्या टोपीत चिंचोके भरायची. अशा माणसाला नातीचं मरण नुसतं मरण म्हणून सोसलं नसतं. त्याला त्याचं काहीतरी करायला हवं होतं. त्यांनी त्याची साक्ष केली.

मी फारशी बोलत नसे. त्यामुळं माझ्याबद्दल दुसरेच बोलायचे. विहिरीवर बाया माझ्या देखत कुजबुजायच्या, "ती कशाची जातीय परत? तोंड बघा तिचं." पाळकसाहेबांच्या पत्नी एकदा मुद्दाम घरी येऊन बसल्या. भल्या बाई होत्या.

"सलोमी, तुझं मन तयार आहे ना? नसेल तर सांग हो. आम्ही प्रार्थना करू."

"करा ना, बाई," मी म्हणाले.

त्यांना त्यातून काय समजलं कोण जाणे. पण दुसऱ्या रविवारी प्रार्थनेत माझं नाव घेऊन बळ मागितलं गेलं, ह्यांचं नाव घेऊन उपकार मानले गेले. लोकांच्या मनात जोडी तशी ठरून गेली होती. नवरा खंबीर, बायको खचलेली.

आत्याबाई एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुला एक सांगू का, पोरी? तू अडून बस."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? बायकूचा हट्ट कुनी मोडत न्हाई. तू न्हाई म्हन, म्हंजी माझा शांतवन राहील. माझं ऐकणार न्हाई तो. त्याचा बाप तर ऐकणारच न्हाई. नात तर मी दिली त्या डोंगराला. आता लेक बी देऊ?"

मी त्यांच्या हातातली परात घेतली आणि उरलेलं पीठ मळू लागले.

पाठवणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही दोघं नेवाशाला गेलो. शाळेसाठी खडू, थोडी औषधं, कंदिलाच्या काचा घ्यायच्या होत्या, आणि सोमवारची धुळ्याची गाडी केव्हा आहे ते विचारायचं होतं. बाजार झाला. हे चांगले बोलत होते. काच घेताना दुकानदाराशी हसलेसुद्धा. मग आम्ही स्टँडवर आलो.

चौकशीच्या खिडकीवर गर्दी होती, म्हणून हे रांगेत उभे राहिले आणि मी पिशव्या सांभाळत बाजूला. तेवढ्यात धुळ्याची पाटी लावलेली गाडी आत आली. लोक धावले. एक तरुण माणूस, बहुतेक शेतमजूर असावा, झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन गर्दीतून वाट काढत होता. मुलीची मान त्याच्या पाठीवर लोंबत होती. हात सैल सुटलेले, चालण्याबरोबर हलत होते. दारापाशी त्यानं तिला नीट वर सरकवलं आणि तो आत चढला.

मी ह्यांच्याकडे बघितलं.

हे रांगेतून बाहेर आले होते. खांबाला टेकून उभे होते. चेहरा राखेसारखा. डावा हात कोपरात मुडपून पोटाशी घेतलेला, आणि उजवा हात वर उचलून ते आपल्या डाव्या खांद्यावर थोपटत होते. हळू, एका लयीत, झोपलेल्या लेकराला थोपटतात तसं. खांद्यावर काही नव्हतं.

मी जवळ गेले. "अहो."

ते थोपटतच राहिले.

"अहो, बसा जरा."

माझा हात लागला तसे ते दचकले. हाताकडे बघितलं, हात खाली घेतला, आणि कडेच्या नालीवर वाकून ओकले. जेवलेलं सगळं पडलं. मी त्यांना नळावर नेलं, तोंड धुवायला लावलं आणि स्टँडबाहेरच्या बाभळीखाली बसवलं.

"ऊन लागलं," ते म्हणाले.

माघातलं ऊन. अंगावर शाल होती माझ्या.

"गाडी सकाळची आहे," थोड्या वेळानं ते म्हणाले. "विचारलं मी. सोमवारी अंधारातच निघावं लागेल."

त्यांनी विचारलं नव्हतं. खिडकीपर्यंत ते पोचलेच नव्हते.

"तुम्हाला जायचंय ना?" मी विचारलं.

"देवाला शब्द दिलाय आपण."

"मी तुम्हाला विचारतेय."

पायाखालची एक शेंग उचलून त्यांनी तिचे तुकडे केले.

"बाबांनी सगळ्या तालुक्याला सांगितलंय. उद्या बाहेरगावची माणसं येतायत. मटण सांगून झालंय." मग एकदम माझ्याकडे वळले. "का? तुला जायचं नाही का? तसं असेल तर सांग, सलोमे. मनात ठेवू नकोस. तुला नसेल जायचं तर आत्ता सांग."

आमच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. ह्या माणसाचा आवाज मला झोपेतही ओळखू आला असता. त्या एका प्रश्नात इतकी आशा होती, की मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. बुडणाऱ्या माणसानं काठावरच्याला विचारावं, तुझ्याकडे दोर आहे का, तसा तो प्रश्न होता. स्वतःहून ते कधीच नाही म्हणणार नव्हते. सोमवारी ते गाडीत बसले असते. ओकत, थरथरत, पण बसले असते. धडगावला उतरून त्याच वाटेनं डोंगर चढले असते. आणि मग काय झालं असतं, ते मी नर्स होते, मला दिसत होतं.

आणि आता मी जे सांगणार आहे ते मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

मला जायचं होतं.

मला दुसरं काहीच नको होतं. बोरखेड्यात आल्या दिवसापासून मी परत जायची वाट बघत होते. विहिरीवरच्या बायांना माझं उतरलेलं तोंड दिसलं, पण ते कशासाठी उतरलंय ते त्यांना काय कळणार? रिबूला पुरलं तेव्हा माझ्या अंगात एवढा ताप होता की मला उभं राहता येत नव्हतं. आमच्या शेजारच्या रायलीनं, पावरा बाई ती, मला काखेत हात घालून धरून ठेवलं होतं. मला माती दिसली. घोंगडीचं टोक दिसलं. पुढचं काही आठवत नाही. माझ्या मुलीचा शेवटचा चेहरा मी बघितला नाही. तिला माझ्या हातानं मूठभर मातीसुद्धा मिळाली नाही. माझ्यापाशी तिचं म्हणून एवढंच होतं, मोहाखालची ती जागा. तिच्यापाशी बसायचं राहिलं होतं माझं.

निघताना रायलीला मी म्हणाले होते, "तिकडे डुकरं येतात गं रात्री."

"काटे लावते मी," ती तिच्या बोलीत म्हणाली. "तू येशील तोवर बघते. केव्हा येशील?"

"होळीच्या आत."

शब्द मीही दिला होता. देवाला दिला त्याच्यानंतर, पण दिला होता.

बाभळीखालून मी पिशव्या उचलून उठले. "चला," म्हणाले, "कंदिलाच्या काचा तेवढ्या सांभाळा."

रविवारी देऊळ भरून बाहेर माणसं उभी होती. वडाळा, सलाबतपूर, पार घोडेगावपर्यंतचे लोक आले होते. मागच्या अंगणात चुलाणावर मटणाची डेग चढली होती आणि तिचा वास भजनाबरोबर आत येत होता. आम्हाला पुढं वेदीपाशी दोन खुर्च्यांवर बसवलं होतं. मामा पहिल्या बाकावर, कोटाची सगळी बटणं लावलेली. आत्याबाई बायांच्या बाजूला, भिंतीला टेकून.

शास्त्रपाठ झाला, उपदेश झाला. मग पाळकसाहेबांनी आम्हाला उभं केलं. आता त्यांनी आधी ह्यांना विचारायचं, मग मला. आम्ही होय म्हणायचं. मग वडीलधाऱ्यांनी आमच्या डोक्यावर हात ठेवायचे, असा क्रम होता.

"शांतवन सत्यवान बोर्डे," पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूनं ज्या कामासाठी तुम्हाला बोलावलं, त्यासाठी पुन्हा जायला तुम्ही तयार आहात का?"

ह्यांनी तोंड उघडलं. त्यांनी 'होय' म्हटलं असतं तर तो शब्द परत घेता आला नसता.

"पाळकसाहेब," मी म्हणाले, "मला बोलायचंय."

"तुम्हाला विचारणारच आहे, सलोमीबाई. आधी—"

"मी जाणार नाही."

देवळात कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं.

"मी जाणार नाही," मी पुन्हा म्हणाले. आवाज फाटेल असं वाटलं होतं, पण फाटला नाही. "माझ्यात बळ नाही. आणि ह्यांनाही मी जाऊ देणार नाही. माझं लेकरू गेलं तिथं. नवरा पाठवणार नाही मी."

मामा उठून उभे राहिले. "सलोमी, खाली बस."

"नाही, मामा."

"तुझं मन हललंय. बस खाली. आपण प्रार्थना करू."

"प्रार्थना करूनच आले मी. मला नाही जायचं. त्या डोंगराचं तोंड मला पुन्हा बघायचं नाही."

हे वाक्य म्हणताना मला मोहाचं झाड दिसत होतं. पान न पान.

मामांनी काठी ह्यांच्याकडे रोखली. "शांतवन! अरे बोल काहीतरी. समजाव तिला."

हे माझ्याकडे वळले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी तो त्यांचा आवाज होता. भादव्याआधीचा.

"बाबा, तिला नसेल सोसत तर मी तिला टाकून कसा जाऊ?"

माझ्या शेजारी त्यांचे खांदे खाली आलेले मला जाणवले. डोंगर उतरून आल्यावर हमाल ओझं टाकतो ना, तसे. त्यांनी माझा हात धरला. सगळ्या मंडळीसमोर, आपल्या बापासमोर, आधार द्यायला म्हणून धरला. हात गरम होता त्यांचा.

पाळकसाहेबांनी आमच्या बहिणीच्या दुबळेपणासाठी प्रार्थना केली. आशीर्वाद झाला. मटण शिजलेलं होतं, ते टाकून कसं देणार? मंडळी जेवली. खाली मान घालून, फारसं न बोलता, पण जेवली. मला कुणी वाढायला बोलावलं नाही.

आत्याबाई मला देवळामागं गाठून रडल्या. "बरं केलंस, बाय माझे. माझं ऐकलंस. माझा लेक मला दिलास." त्यांनी माझ्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. त्यांना वाटलं, परातीपाशी त्या बोलल्या त्याचंच मी केलं. वाटू दे, म्हटलं.

मामांनी त्या दिवसापासून मला नावानं हाक मारली नाही. जेवायला वाढलं तर जेवायचे, पाणी दिलं तर प्यायचे. पण त्यांनी रिबूची ती गोष्टही पुन्हा कुठल्या देवळात सांगितली नाही. एकदा दुपारी मी ओसरीवर आले तर ते एकटेच बसले होते, टोपी काढून मांडीवर उलटी धरलेली, आणि आत बघत होते. मी आवाज न करता मागं फिरले. पुढं चार वर्षांनी ते गेले.

ह्यांना श्रीरामपूरला शाळेत नोकरी लागली. मी तिथल्याच एका दवाखान्यात जाऊ लागले. आम्हाला मुलगा झाला. हे चांगले बरे झाले. झोपू लागले, गाऊ लागले, मुलाला खांद्यावर घेऊन आठवड्याच्या बाजारात फिरू लागले. पहिल्यांदा त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. त्यांना काही झालं नाही. माझ्या वाट्याला लोकांचं बोलणं आलं, ते मी धरून चालले होते. कुणी नवीन बाई मंडळीत आली की तिला कुणीतरी सांगायचंच, "नवरा मोठा देवमाणूस, पण हिनं अर्ध्यावरून मागं ओढला."

उमरापाण्याला दुसरं जोडपं गेलं. त्यांच्याबरोबर मी रायलीला निरोप धाडला, की मला येता येत नाही. तिनं उलट निरोप पाठवला, काटे नवे लावलेत. पुढच्या होळीलाही लावीन.

कुणी विचारेल, मग नंतर तरी का नाही गेलीस? एकटी जाऊन यायचं. दोन दिवसांची तर वाट. पण जिनं देवळात उभं राहून सांगितलं की त्या डोंगराचं तोंड बघायचं नाही, ती हौसेनं त्या डोंगरात गेली, तर घरातल्या माणसाला काय कळलं असतं? त्यांना कळलं असतं की मला सोसत होतं. म्हणजे मग कुणाला सोसत नव्हतं, तेही कळलं असतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. मुलगा मोठा झाल्यावर जाऊ, हे थकल्यावर जाऊ, असं मी स्वतःला सांगत राहिले.

मग धरणाचं पाणी चढलं.

ह्यांनीच मला ते वाचून दाखवलं. तेव्हा हे निवृत्त झाले होते, चष्म्याचा नंबर वाढला होता. संध्याकाळी अंगणात पेपर वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "सलोमे, उमरापाणी गेलं."

"कुठं गेलं?"

"पाण्याखाली. नावं दिलीयत पाड्यांची. माणसांना तळोद्याकडे नेऊन वसवलंय म्हणे." त्यांनी पेपराची घडी घातली. "मोहाची झाडंबिडं सगळीच गेली असणार. नदीच्याच अंगाला होतं आपलं घर."

मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं.

"तू त्या दिवशी नाही म्हणालीस तेच बरं झालं," हे म्हणाले. "तिथंच राहिलो असतो तर आज हे डोळ्यांनी बघावं लागलं असतं. तुला नसतं सोसलं." मग खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाले, "एक बोलू का? कधी बोललो नाही. लोक तुला काय काय बोलले, बाबांनी बोलणं टाकलं. पण मी तुला कधीही दोष दिला नाही. आईचं काळीज होतं ते. एकदाही मनात आणलं नाही मी."

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले.

"खरंच?"

"खरंच. तुमच्या मनात कधी आलं नाही."

दिवेलागणीला आम्ही रोजच्यासारखे प्रार्थनेला बसलो. मुलगा पुण्याला शिकायला, घरात दोघंच. ह्यांनी डोळे मिटले. त्यांची प्रार्थना फार सुंदर असे. देवळात लोक त्यांच्यामागं थांबून ऐकत. त्या दिवशी त्यांनी तळोद्याला नेलेल्या माणसांसाठी मागितलं, रायलीचं नाव घेऊन मागितलं. मग रिबूचं नाव घेतलं. आणि मग म्हणाले, "हे बापा, ज्या दिवशी हिचे पाय थकले त्या दिवशी तू मला बळ दिलंस, म्हणून मी हिला सांभाळू शकलो. तुझे उपकार आहेत."

ते थांबले. माझ्या शब्दाची ते वाट बघत होते.

"आमेन," मी म्हणाले.